एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का? आधी बोर्डची किंमत विचारा

प्रश्न चिपळूणच्या एका वडिलांचा आहे. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, ती आता सांगलीला वसतिगृहात राहणार. तिच्यासाठी ६२ हजारांचा लॅपटॉप ठरवलाय. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहेच. दुकानातला मुलगा म्हणतो, आणखी साडेसहा हजार भरा, पुढची दोन वर्षं निर्धास्त राहा, दिवसाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि आत्ताच घ्या, बिल झाल्यावर मिळणार नाही. घ्यावी का?

माझं उत्तर: ही घेऊ नका. पैसे घालायचेच असतील तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्या. दोन्हींना दुकानात सरसकट ‘वॉरंटी’च म्हणतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं रिपेअरिंगचं टेबल आहे, वीसेक वर्षं झाली. टेबलावर काय काय येतं ते आधी सांगतो, कारण काउंटरवर वॉरंटी विकणाऱ्याला ते कधी दिसत नाही. स्क्रीन फुटलेले. हिंज, म्हणजे झाकणाचं बिजागर, तुटलेले. चहा, पाणी, एकदा तर आमटी सांडलेले. बॅटरी फुगलेले. चार्जिंगची पिन हललेले. कीबोर्डची दोन-चार बटणं मेलेले. पंखा घरघरणारे. आणि या सगळ्यांच्या मागून बोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटबोर्ड (मदरबोर्ड), गेलेले.

आता हीच यादी घेऊन वॉरंटीचा कागद वाचा. स्क्रीन फुटली, तर ते भौतिक नुकसान, म्हणजे नाही. पाणी सांडलं, नाही. वीज कमी-जास्त होऊन काही जळलं, तर बहुतेक कागदांत तेही नाही. बॅटरी वापराने उतरली, ती झीज, म्हणून नाही. बॅटरीला तर अनेक कंपन्या लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी एकच वर्ष देतात. उरतं काय? आपोआप, कुणाचा हात न लागता बिघडलेली वस्तू. म्हणजे बोर्ड, एसएसडी (ज्यात तुमचा डेटा साठतो), पंखा, कीबोर्ड, आणि न पडता-झडता रेषा आलेली स्क्रीन. यातला पंखा आणि कीबोर्ड बाहेर हजार-दोन-तीन हजारांत होतो. एसएसडी तुम्ही स्वतः विकत आणून बसवू शकता. खरा दणका फक्त बोर्डचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे बोर्डची वॉरंटी. बाकीचं सगळं पाकिटावरची नक्षी.

हिंजचं जरा सविस्तर सांगतो, कारण वादावादी सगळ्यात जास्त त्यावरून होते. प्लॅस्टिक बॉडीच्या लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू पितळेच्या बारीक नटांत बसतात आणि ते नट प्लॅस्टिकमध्ये गाडलेले असतात. दोनेक वर्षांत हिंज आखडतो. मग झाकण उघडताना, त्यातही एका कोपऱ्याला धरून उघडलं तर, सगळा जोर त्या नटांवर येतो आणि एक दिवस ते प्लॅस्टिकच्या तुकड्यासकट उपटून येतात. कडाक् असा आवाज होतो, कडेची फट उघडी पडते. मालक म्हणतो, साहेब, पडला नाही, आपटला नाही, आपोआप झालं. आणि तो खरंच बोलत असतो. पण सर्व्हिस सेंटरमधला माणूस चिरलेलं प्लॅस्टिक बघतो आणि जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ लिहितो. संपला विषय. त्यामुळे वॉरंटी घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: हिंज तुटला तर भरून देता का, आणि ते कागदावर कुठे लिहिलंय? काउंटरवरचा मुलगा ‘सगळं कव्हर आहे हो’ म्हणाला, तर त्याला तेवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा. बहुतेक वेळा तो मेसेज येत नाही.

आता आकडेमोड. ६२ हजारांच्या लॅपटॉपचा बोर्ड कंपनीकडून बदलून घ्यायचा तर साधारण निम्म्या किमतीच्या आसपास जातो. तीस हजार धरा. नेमका आकडा हवा असेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करून मॉडेल नंबर सांगा आणि वॉरंटीबाहेर बोर्ड केवढ्याला पडतो ते विचारा, सांगतात. साडेसहा हजार भरून तीस हजारांचा धोका टाळायचा, तर हा सौदा बरोबरीत यायला अशा पाच लॅपटॉपपैकी निदान एकाचा बोर्ड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आपोआप जायला हवा. माझ्या अनुभवात साध्या वापराच्या मशीनचं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. बोर्डमध्ये मुळातच काही खोट असली तर ती बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत डोकं वर काढते, म्हणजे कंपनीच्या फुकटच्या वर्षात. नंतरचे बिघाड वाढतात ते चार-पाच वर्षांनी. दुकानदार तुम्हाला नेमकी मधली, सगळ्यात निरोगी दोन वर्षं विकतोय.

आणि ‘दिवसाला नऊ रुपये’ हे ऐकायला गोड आहे, पण त्याच हिशेबाने लॅपटॉपच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम तुम्ही आज रोख भरताय, आणि त्या पैशांचं काम सुरू होणार आहे एका वर्षानंतर. लॅपटॉपवर दुकानदाराला फारसं काही सुटत नाही, ऑनलाइनच्या भावाशी झुंजावं लागतं. वॉरंटीवर सुटतं. त्यात त्याची काही चूक नाही, धंदा आहे. आपण फक्त ते ओळखून बोलावं.

बोर्ड गेला म्हणजे तीस हजार गेलेच असंही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. म्हणून त्यांचा आकडा मोठा दिसतो. माझ्यासारख्या चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग बदलण्याचं, काम करणाऱ्याकडे ‘डेड’ म्हणून आलेल्या बोर्डात पुष्कळदा अडॅप्टरच्या १९ व्होल्टच्या लाइनवरचा एखादा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो, तांदळाच्या कणीएवढा. मीटर लावायचा, लाइन शॉर्ट आहे का बघायची, थोडं व्होल्टेज सोडून कुठला तुकडा तापतोय ते शोधायचं, तो काढला की मशीन उठतं. कधी मॉस्फेट (विजेचा बारीक स्विच) जातो, कधी चार्जिंगची आयसी (चिप), कधी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅमच, बिघडलेला असतो. अशी कामं अडीच ते सहा हजारांत होतात. सगळी होत नाहीत. प्रोसेसरच गेला किंवा बोर्ड आतल्या थरांत जळला, तर मी हात जोडतो. पण वॉरंटीचा हिशेब मांडताना दुसऱ्या पारड्यात नेहमी अख्ख्या बोर्डची किंमत टाकायची नसते.

हे झालं साठ हजारांच्या साध्या मशीनचं. काही मशीन अशी आहेत की मी स्वतःच ‘घ्या’ म्हणतो.

एक, अगदी पातळ, महाग लॅपटॉप, ज्यात रॅमही बोर्डलाच सोल्डर केलेली असते आणि काहींत स्टोरेजसुद्धा. तिथे रॅमची एक चिप गेली तरी बोर्डच बदलायचा. लाख-सव्वा लाखाच्या मशीनमध्ये तो आकडा झोप उडवतो. ओएलईडी स्क्रीन असेल तर तीही साध्या पॅनेलच्या कित्येक पट. साधं १५.६ इंची फुल एचडी पॅनेल मी चार ते सहा हजारांत बसवून देतो. ओएलईडीला तोच हात लावायला मला आधी भाव विचारावा लागतो.

दुसरं, गेमिंगचा लॅपटॉप, आणि मुलगा खरोखरच रात्र-रात्र खेळणारा किंवा रेंडरिंग (व्हिडिओ-ग्राफिक्सचं जड काम) करणारा असेल तर. उष्णतेने ग्राफिक्सच्या बाजूचा भाग जातो, आणि तो चिप लेव्हलला टिकाऊ दुरुस्त होईल असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आणि तिसरं, ज्याचं पोट त्या मशीनवर आहे तो. जुलैअखेरीला रिटर्न भरणाऱ्या कर सल्लागाराला बोर्ड तीस हजारांना पडतो की पाच हजारांना, हा प्रश्नच नसतो. मशीन आठ दिवस बंद राहिलं तर गिऱ्हाईक जातं. त्याने वॉरंटी वाढवण्यापेक्षा ती ऑनसाइट करून घ्यावी, म्हणजे इंजिनिअर सुटा भाग घेऊन ऑफिसात येतो. धंद्याच्या नावावर बिल असेल तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळू शकतं. सीएंना विचारून ठेवा. कंपन्या ऑफिससाठी म्हणून जी मॉडेलं काढतात त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांवर तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी आधीच असते. तुलना करताना हे कुणी धरतच नाही. पाच हजारांनी महाग दिसणारं ते मशीन वॉरंटी धरून स्वस्त पडतं.

ऑनसाइटबद्दल एक सावधगिरी. ती तुमच्या पिनकोडला मिळते का ते आधी तपासा. पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी येणारा इंजिनिअर कोकणात घाट उतरून कधी येईल याचा भरवसा नसतो. माझ्याकडे गगनबावड्याचा घाट चढून येणारी गिऱ्हाइकं आहेत, वॉरंटीतलं मशीन घेऊन, का तर त्यांच्या गावापासून कंपनीचं सेंटर जितकं लांब तितकाच मी लांब, आणि मी निदान समोर उघडून दाखवतो. मी त्यांना वॉरंटीतलं मशीन परत पाठवतो, कारण माझा स्क्रूड्रायव्हर लागला तर पुढे कंपनीकडे भांडायला जागा राहत नाही. तुमच्या बाबतीत मशीन सांगलीत राहणार आहे, म्हणजे सांगलीतलं सेंटर बघा, चिपळूणचं नव्हे.

आता तुमच्या मुलीचं. पहिल्या वर्षाची मुलगी, वसतिगृह, खोलीत तीन-चार जणी, एकच टेबल, बिछान्यावर लॅपटॉप, शेजारी पाण्याची बाटली, एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेले चार चार्जर. इथे बोर्ड आपोआप जाण्याची भीती मला वाटत नाही. भीती पाण्याची, पडण्याची आणि विजेची. डेल, लेनोव्होसारख्या कंपन्यांच्या अपघाती संरक्षणात या तिन्ही गोष्टी येतात: सांडणं, पडणं, विजेचा झटका. एचपी, एसर, आसूस यांच्याही अशा योजना आहेत. हे संरक्षण वॉरंटीपासून वेगळं विकतात, आणि जोपर्यंत वॉरंटी चालू तोपर्यंतच ते चालतं. पण कंपनीचं पहिलं वर्ष तर तुमच्याकडे आहेच, त्यामुळे पहिल्या वर्षासाठी फक्त हे जोडता येतं. दुसऱ्या वर्षासाठी दोन्ही एकत्र घ्यावं लागलं तर त्या जोडीची किंमत विचारा. दुकानदार मागतो त्या साडेसहा हजारांतच त्यातलं बरंच भागतं असं पुष्कळदा निघतं.

पाणी सांडल्यावर नेमकं काय होतं ते कळलं तर या संरक्षणाची किंमत पटेल. पाणी कीबोर्डमधून खाली बोर्डवर जातं. बॅटरी जोडलेलीच असते, बटण बंद केलं तरी काही लाइनींवर व्होल्टेज असतं. ओल आणि व्होल्टेज एकत्र आले की तांबं खायला सुरुवात होते. मालक दोन दिवस पंख्याखाली ठेवतो, मशीन चालू होतं, सगळे खूश. दीड महिन्याने बंद पडतं. उघडलं की चार्जिंगच्या भागात हिरवट-पांढरी पूड साठलेली आणि एखाद्या आयसीचे पाय झडलेले. अनेक मॉडेलांत आत बारीक पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, पाणी लागलं की लाल होतात. सेंटरमधला माणूस आधी त्याच बघतो. साधी वॉरंटी, एक्स्टेंडेड वॉरंटी, दोन्ही तिथेच संपतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर नुसत्या दमटपणाने गंजलेले बोर्ड मी पाहिलेत, आणि त्यावरून सेंटरशी झालेली भांडणंही.

अपघाती संरक्षणातही मेख असते. बहुतेक योजनांत वर्षाला एकच दावा चालतो. चोरी त्यात येत नाही. काहींत दर दाव्याला ठरावीक रक्कम आपल्या खिशातून द्यावी लागते. अ‍ॅपलच्या अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये तसंच आहे, पण त्यात बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली तर ती बदलून देतात, जे इतरत्र सहसा मिळत नाही. मॅकबुक घेणाऱ्याला मी म्हणूनच वेगळं उत्तर देतो: जमत असेल तर घ्या. त्याची दुरुस्ती बाहेर करणं अवघड आणि महाग, दोन्ही आहे.

‘आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही’ हे अर्धसत्य आहे. दुकानाची स्वतःची योजना बिलाच्या वेळीच मिळत असेल, ती गोष्ट वेगळी. पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत केव्हाही त्यांच्या वेबसाइटवरून घेता येते, असं बहुतेक कंपन्यांचं आहे. अपघाती संरक्षणाची मुदत मात्र तोकडी असते, ती पहिल्या आठवड्यातच पाहून घ्या. म्हणजे काउंटरवर निर्णय घ्यायची गरज नाही. घरी या, मशीनच्या खालचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, तिथे तुमच्याच मशीनसाठी काय काय मिळतं आणि केवढ्याला, ते दिसतं. सणासुदीला भाव उतरतातही.

ती साइट उघडली की आणखी एक गोष्ट बघा: वॉरंटी कधीपासून चालू झाली. पुष्कळदा ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून नसते, माल कंपनीतून निघाला त्या तारखेपासून असते. दुकानात चार महिने पडून राहिलेल्या मशीनचे चार महिने असे परस्पर जातात. बिल पाठवलं की कंपनी तारीख दुरुस्त करून देते. पण बिलावर सिरियल नंबर छापलेला असायला हवा, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी तो डब्याशी ताडून घ्या.

दुकानाची योजना आणि कंपनीची योजना यांतला फरकही कळायला हवा. क्रोमाची झिपकेअर, रिलायन्स डिजिटलची रेस्क्यू, ऑनसाइटगोसारख्या तिसऱ्या कंपनीच्या योजना, या लॅपटॉप बनवणाऱ्याच्या नव्हेत. त्यात वाईट काही आहे असं नाही, पण कागदात तीन गोष्टी शोधा. दुरुस्त होत नसेल तर पैसे मिळणार की त्याच दुकानाचं व्हाउचर. वयाप्रमाणे किंमत घटवून हिशेब होणार का. तिसऱ्या वर्षी ६२ हजारांच्या मशीनची धरलेली किंमत तीस हजारांच्या खाली आली तर तीस हजारांचा बोर्ड ते कशाला बदलतील? आणि सुटा भाग मूळ कंपनीचाच घालणार का. या तिन्हींची उत्तरं मनासारखी असतील तर किमतीवर घासाघीस करा. त्यातही ती ६२ हजारांच्या मशीनला तीन-साडेतीन हजारांच्या वर जात असेल तर मी तरी घरची वाट धरतो.

ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी कार्ट नीट बघा. कधीकधी वॉरंटीची खूण आधीच केलेली असते. तुम्हाला न विचारता बिलात वस्तू घुसडणं याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे, तक्रार करता येते.

मुलं परदेशी जाणार असतील तर इथली वॉरंटी तिथे चालते का हे मॉडेलनुसार बदलतं. कागदावर ‘भारतापुरती’ असेल तर तिथे तिचा उपयोग शून्य. जर्मनीला जाणाऱ्यांना तर मी तिथेच घ्या म्हणतो, कारण युरोपीय संघात विकणाऱ्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

वॉरंटी कुठलीही असो, आतला डेटा कुणी भरून देत नाही. एसएसडी बदलली की जुनी कंपनी ठेवून घेते, ती आपल्याकडे ठेवायची तर त्याचे काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. मुलीला पहिल्याच आठवड्यात बॅकअप लावून द्या. ते काम कुठल्याही वॉरंटीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडेल.

सेंटरला मशीन देताना चारही बाजूंचे, कोपऱ्यांचे, स्क्रीन चालू असतानाचे फोटो काढा आणि जॉबशीटवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘डेड’ एवढंच लिहू देऊ नका. ‘कोरडं, न पडलेलं, चार्जिंगला लावल्यावर बंद पडलं’ असं लिहा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आतल्या भागाच्या फोटोसकट. बरेच नकार एवढ्यावरच ढिले होतात. नाहीच झाले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांच्या आत करा म्हणजे झालं.

आणि अकराव्या महिन्याच्या सुट्टीत मुलगी घरी येईल तेव्हा विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा. मूळची क्षमता आणि आत्ताची फुल चार्ज क्षमता, दोन्ही आकडे त्यात असतात. फरक फारच मोठा असेल, बॅटरी फुगली असेल, स्पीकर खरखरत असेल, पंखा सतत ओरडत असेल, टचपॅड मधेच अडत असेल, तर ती सगळी यादी घेऊन वॉरंटी संपायच्या आत सांगलीच्या सेंटरला जायला सांगा. बॅटरी त्यांच्या टेस्टमध्ये फेल दाखवली तरच बदलतात, पण टेस्ट करायला पैसे पडत नाहीत. बॉडीच्या फटींवरून बोट फिरवून हिंजच्या बाजूला कुठे उचललंय का तेही बघा, आणि उचललं असेल तर तुटायच्या आत दाखवा. तेव्हा मशीन अजून सुरळीत वाटलं आणि मनात आलंच, तर कंपनीची वॉरंटी वाढवायची संधी त्या महिन्यातही शिल्लक असते.